पृष्ठ १४३ वरचे लीक

प्रति,
मा. अध्यक्ष न्यायाधीश,
सामाजिक लाभ अपील न्यायाधिकरण,
दुसरा मजला, जुनी धान्यबाजार इमारत,
स्टॅनहोल्म, डरहॅम परगणा.

विषय : श्री. एडमंड रटर, रा. ब्लॅकहोप, यांच्या अपिलातील पृष्ठ १४३ वरची बातमी खोटी असल्याची ती लिहिणारीची कबुली, आणि पुढील सुनावणी पुन्हा रांगेच्या शेवटी न टाकता घेण्याबाबत.

संदर्भ : दि. ८ जुलै २०२४ रोजी दाखल केलेले अपील, दि. ११ फेब्रुवारी २०२५, ९ सप्टेंबर २०२५ व २४ फेब्रुवारी २०२६ रोजी तहकूब झालेल्या सुनावण्या.

अर्जदार : कु. विनिफ्रेड रटर, वय ६८, निवृत्त बातमीदार, रा. ब्लॅकहोप, अपीलकर्त्याची थोरली बहीण व या अपिलात त्याची प्रतिनिधी.

महोदय,

१. मंगळवार दि. २४ फेब्रुवारी २०२६ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वरील अपिलाचा पुकारा झाला आणि दहा एक्केचाळीसला सुनावणी तहकूब झाली. या एकवीस मिनिटांत आपण अपीलकर्त्यापुढे पृष्ठ १४३ ठेवले व विचारले, "मिस्टर रटर, या फोटोतले लीक तुम्ही स्वतः पिकवलेत?" त्याने शेजारी बसलेल्या अर्जदाराकडे एकदा पाहिले आणि उत्तर दिले, "हो. मीच." "चर तुम्ही खणलात?" "हो." हे उत्तर खोटे आहे. चर अर्जदाराने खणला. लीक अर्जदाराने पिकवले. आणि ते त्याने पिकवले असे वर्तमानपत्रात छापले तेही अर्जदारानेच. त्या एकवीस मिनिटांत ती हे बोलू शकली असती. ती बोलली नाही, म्हणून हा अर्ज.

२. अपीलकर्ता एडमंड याला गावात सगळे नेड म्हणतात. या अर्जातही तसेच म्हटले आहे. नेड ६२ वर्षांचा आहे. सोळाव्या वर्षी तो खाणीत उतरला, खाण बंद झाल्यावर शाळेत शिपाई झाला, आणि मणका व दोन्ही हातांचे सांधे गेल्यावर घरी बसला. चालता न येणाऱ्यांसाठीचा लाभ त्याला सात वर्षे मिळत होता, आणि त्या लाभावर योजनेतली, त्याच्या हातांना चालवता येईल अशी बदललेली एक गाडी. फेरतपासणीनंतर मार्च २०२४ मध्ये लाभ बंद झाला. दि. ९ मे रोजी गाडी न्यायला माणूस आला. आदल्या दिवशी नेडने स्टुलावर बसून, काठीला फडके बांधून ती धुतली होती. अर्जदार त्याला म्हणाली, "परत द्यायची गाडी धुतात का कधी?" तो म्हणाला, "मळकी दिली तर म्हणतील, याला गाडीची किंमत नव्हती."

३. ही गाडी कशासाठी हवी, हे अपिलाच्या फॉर्ममध्ये अर्जदाराने "कौटुंबिक भेटींसाठी" अशा दोन शब्दांत लिहिले होते. फॉर्ममधली चौकट लहान होती आणि लहान चौकटीत मजकूर बसवण्याची तिला सवय आहे. ते शब्द पुरेसे नव्हते. नेडची पत्नी ऑड्री ६४ वर्षांची आहे. तिला विस्मृतीचा आजार आहे. एप्रिल २०२३ पासून ती अकरा मैलांवरच्या शुश्रूषागृहात आहे. गाडी होती तोवर नेड रोज दुपारी दोनला तिथे असे. आता दोन बस बदलून जावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या बसच्या थांब्यावर तो पडला. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी टॅक्सीने जातो, बस्स. अर्जदाराला गाडी चालवता येत नाही. डोळ्यांमुळे तिने परवाना परत केला आहे. अपील दाखल केले तेव्हा ऑड्री नेडला नावाने हाक मारत होती. त्यानंतरच्या वसंतात ती त्याला "आमच्या गावचे एक गृहस्थ" म्हणू लागली. गेल्या ऑक्टोबरपासून तो कोण हे तिला आपणहून कळत नाही. म्हणजे या अपिलात तारीख पुढे जाते तेव्हा नुसती तारीखच पुढे जात नाही.

४. आता लीकबद्दल. आपण याच भागातले असाल तर हा परिच्छेद वगळावा. लीक म्हणजे कांद्याच्या कुळातली पांढऱ्या जाड दांड्याची भाजी. इतरत्र लोक ती सूपमध्ये घालतात. आमच्या खाणीच्या गावांत ती स्पर्धेत मांडतात. दर सप्टेंबरला कामगार क्लबात तीन-तीन लीकांचे संच टेबलावर ठेवून त्यांचा घेर फितीने मोजला जातो. पहिल्याचे नाव क्लबाच्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत चढते आणि ते उतरत नाही. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा सातवा नियम असा की लीक सभासदाने आपल्या हातांनी, आपल्या चरात वाढवलेले हवेत. ऑगस्टमध्ये मंडळाचे चिटणीस घरोघर जाऊन चर पाहतात व लीकांवर शिक्का मारतात. आमचे वडील सव्वीस वर्षे स्पर्धेत उतरले. नेड तेहतीस वर्षे. दोघांपैकी कोणीही फळ्यावर चढला नव्हता.

५. २०२३ च्या वसंतात ऑड्रीला शुश्रूषागृहात ठेवून आल्यावर नेड आठवडाभर मागच्या अंगणात रिकाम्या चराकडे पाहत बसून होता. त्याच्या हातात चमचा धड राहत नव्हता, फावडे कुठून धरणार. अर्जदार शेजारच्या घरात राहते; तिच्या लिहिण्याच्या टेबलासमोरच्या खिडकीतून ते अंगण दिसते. आठव्या दिवशी ती फावडे घेऊन गेली. नेड स्टुलावर बसून हुकूम सोडत असे. "खोल जा, विनी. आणखी खोल. लवकर आटपायला ती काय बातमी आहे?" शेळीच्या लेंड्यांचे पाणी किती, काळी बिअर किती आणि कोणत्या वारी, हे सगळे त्याच्या डोक्यात होते, हात मात्र तिचे. रोजची नोंद तिने वहीत केली आहे. वही सोबत जोडली आहे. सहा महिने अपीलकर्ता स्टुलावरून उठून चरापर्यंत, म्हणजे अकरा पावले, एकूण चार वेळा गेला, असे त्या वहीवरून दिसेल.

६. शनिवार दि. १६ सप्टेंबर २०२३ रोजी नेडचा संच पहिला आला. दुसरा आला मंडळाचे चिटणीस श्री. कथबर्ट हेस्लॉप यांचा. फरक अंगठ्याच्या नखाएवढा. अर्जदार सदतीस वर्षे जिल्ह्याच्या सायंदैनिकात न्यायालय व नगरपालिका पाहत होती आणि निवृत्तीनंतरही ब्लॅकहोपची खबर पाठवत असे. स्पर्धेची बातमी तिच्याकडेच होती. "पहिला क्रमांक एडमंड रटर यांचा" एवढे लिहिले असते तर त्यात एकही खोटा शब्द नव्हता. तिने पुढे लिहिले : "श्री. रटर यांनी चर स्वतः खणला. साठीतही त्यांचे फावडे थांबत नाही." हे कोणी मागितले नव्हते, नेडनेही नाही. तिने ते का लिहिले, याचे कारण एवढेच देता येते की क्लबात टाळ्या पडल्या तेव्हा नेडने आपले हात कोटाच्या खिशात घातले होते, आणि ते तिने पाहिले होते.

७. छायाचित्राबद्दलही कबूल करणे भाग आहे. त्यात नेड ताठ उभा राहून सर्वांत मोठा लीक छातीशी धरून आहे. मूळ छायाचित्रात उजव्या कडेला एक हात दिसतो. तो हात श्री. हेस्लॉप यांचा असून त्यांनी नेडला पाठीमागून पट्ट्याला धरून उभे केले होते. "उजवीकडून अर्धा इंच कापा," असे छायाचित्रकाराला अर्जदाराने सांगितले. तो अर्धा इंच सोबत जोडला आहे.

८. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये, फेरतपासणीसाठी, लाभ देणाऱ्या विभागाच्या तपासनीस बाईंचा फोन आला. त्यांनी विचारले, "कसे आहात?" नेड म्हणाला, "झकास. तुम्ही कशा आहात?" आमच्याकडे त्या प्रश्नाला दुसरे उत्तर देत नाहीत, माणूस खाणीतून स्ट्रेचरवर वर आला तरी हेच सांगतो. अहवालात "प्रकृती उत्तम असल्याचे स्वतः सांगितले" अशी नोंद आहे. अर्जदार तेव्हा त्याच खोलीत चहा करत होती आणि हसली होती. लाभ बंद झाला, फेरविचारही नाकारला गेला, अपील झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये विभागाच्या कागदपत्रांचा २१२ पानांचा संच आला. अर्जदार तो नेडला मोठ्याने वाचून दाखवत होती. पृष्ठ १४३ वर ती थांबली; तिथे पुरावा म्हणून तिचीच बातमी लावली होती. "फावडे थांबत नाही" या शब्दांखाली विभागाने रेघ मारली होती. नेड म्हणाला, "काय झालं? वाच की." ती म्हणाली, "पान काळं आलंय, दिसत नाही." त्या पानाची झेरॉक्स खरोखरच काळी होती. पण न दिसण्याइतकी नव्हती. ते शब्द तिला पाठ होते.

९. दि. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, अपिलानंतर एकतीस आठवड्यांनी, पहिली सुनावणी झाली. तेव्हाच्या न्यायाधीशांनाही पृष्ठ १४३ वाचता येईना. "याची स्वच्छ प्रत कोणाकडे आहे का?" असे त्यांनी विचारले. अर्जदार म्हणाली, "आमच्याकडे नाही." हे शब्दशः खरे होते. मूळ कात्रण दुसरीकडे आहे. कुठे ते पुढे सांगते. पण मजकूर तिचा होता आणि तिथेच बसून तिने तो तोंडपाठ सांगितला असता. अशी शब्दशः खरी उत्तरे देणाऱ्या नगरसेवकांना तिने सदतीस वर्षांत कधी सोडले नव्हते. स्वच्छ प्रत आणवण्यासाठी सुनावणी तहकूब झाली. दोनशे दहा दिवस गेले. ते दोनशे दहा दिवस न्यायाधिकरणाच्या नावावर मांडू नयेत. ते अर्जदाराचे आहेत.

१०. त्या दिवसांत अर्जदाराने कार्यालयाला एकतीस वेळा फोन केला. चौकशीच्या फोनमुळे कामास विलंब होतो, असे कार्यालयाच्या पत्रात छापलेले आहे, तेव्हा त्याबद्दलही दिलगिरी. एकविसाव्या वेळचे बोलणे तिने लघुलिपीत टिपले आहे. कर्मचारी मुलगी म्हणाली, "तुमचं अपील तयार आहे, असं पडद्यावर दिसतंय." "कशासाठी तयार?" "तारीख मिळण्यासाठी." "आणि तारीख कधी मिळेल?" "ते पडद्यावर दिसत नाही हो." "कुणाला दिसतं?" मुलगी म्हणाली, "खरं सांगू का, बाई? माझ्या आईचंही अपील इथेच आहे. मलाही दिसत नाही." त्यानंतर अर्जदाराला तिच्यावर रागावता आले नाही. उरलेले दहा फोन तिने तिच्या आईच्या अपिलाची चौकशी करूनच सुरू केले.

११. दि. ९ सप्टेंबर २०२५ रोजी दुसरी सुनावणी होती. स्वच्छ प्रत आली होती, तिन्ही सदस्य आले होते, नेड आला होता, पण लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत. शिपाई सज्जन होता, तो खाली येऊन म्हणाला, "साहेब विचारतायत, हळूहळू, बसत बसत आलात तर जमेल का?" नेड म्हणाला, "लेका, चढलो तर केस गेली, नाही चढलो तर तारीख गेली. तूच सांग काय करू." शिपाई हसला, मग त्याला आपण हसलो याचे वाईट वाटले. नेड पहिल्या पायरीवर बसून राहिला. बाराच्या सुमारास वरून कागद आला. त्यावर "अपीलकर्ता हजर नाही" असे होते. अर्जदाराने तो वर नेऊन दुरुस्त करून घेतला : "अपीलकर्ता इमारतीत हजर, दालनात नाही." आणि प्रकरण पुन्हा रांगेत गेले. याबाबत तक्रार करण्याचा अधिकार नेडला पुरेपूर आहे. अर्जदाराला कितपत आहे, ते तिला ठरवता येत नाही. फेब्रुवारीत ती बोलली असती तर त्या सप्टेंबरमध्ये लिफ्टची गरजच पडली नसती.

१२. आता २४ फेब्रुवारीबद्दल. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये अर्जदाराने विचारले, "हो का म्हणालास?"
नेड म्हणाला, "मग काय म्हणू? बहिणीने पेपरात खोटं छापलं म्हणू?"
"म्हणायचं होतंस."
"सदतीस वर्षं तू अख्ख्या जिल्ह्याच्या चुका छापल्यास, विनी. कोण कुठे काय खोटं बोलला ते. ते सगळे टपून बसलेत."
"ते सगळे मेले रे."
"पोरं आहेत की त्यांची."
मग तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तू माझ्यासाठी लिहिलंस. मी काय तुला उघडी पाडू?" नेडचे उत्तर आपण नोंदवून घेतले आहे, आणि ते तसेच राहिले तर अपील फेटाळले जाईल हे त्याला ठाऊक आहे. तो शपथेवर नव्हता. तरीही त्याच्या उत्तराचा जो काही दोष असेल तो लिहिणारीकडे धरावा, बोलणाऱ्याकडे नाही.

१३. पुढील सुनावणीस मंडळाच्या चिटणिसांना साक्षीला बोलावण्याचा आदेश आपण दिला आहे. म्हणून गुरुवार दि. २६ फेब्रुवारी रोजी अर्जदार श्री. हेस्लॉप यांच्या घरी गेली. त्यांना सर्व सांगावे असे ठरवून ती निघाली होती. दोन वाक्ये बोलून होताच त्यांनी तिला थांबवले. "अगं, त्या ऑगस्टमध्ये चराच्या काठावर पाच नंबरच्या बुटांचे ठसे होते. नेडचा पाय दहा नंबरचा. मला काय दिसत नाही?"
"मग शिक्का का मारलात?"
"मी लीक बघायला आलो होतो. बूट नाही."
"दुसरे तुम्हीच आला होता, कथबर्ट."
"दुसरा मी अकरा वेळा आलोय. सवय आहे." मग ते म्हणाले, "साक्षीला बोलावलं तर जाईन, आणि विचारलं तर खरं सांगेन. पण मी खरं सांगितलं की त्याचं नाव फळ्यावरून खरवडायचं आणि तिथे माझं घालायचं. ते माझ्या तोंडून नको. तू लिहिलं होतंस, तूच लिही." ती दारात पोचली तेव्हा त्यांनी आणखी एक विचारले. "गाडी दारात उभी असते माझी. ऑड्रीकडे रोज नेईन म्हणून दोन वर्षांत कितीदा म्हणालो. तो बसत का नाही गं माझ्या गाडीत?" याचे उत्तर अर्जदाराला माहीत होते. तिने ते दिले नाही. ते असे की ज्याचे बक्षीस आपल्याकडे आहे त्याच्या गाडीत नेडला बसवत नाही. म्हणजे विभागाने एक गाडी नेली, आणि दुसरी अर्जदाराच्या दोन वाक्यांनी.

१४. मूळ कात्रणाबद्दल. ते शुश्रूषागृहात खोली क्रमांक ९ मध्ये, ऑड्रीच्या पलंगाजवळच्या भिंतीवर आहे. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, नेडने तिला तोंडी सांगितले आणि सोमवारी अंक आल्यावर त्यातले हे कात्रण तिथे टाचले. गेल्या ऑक्टोबरपासून ती नेडला ओळखते ती त्या कात्रणामुळेच. नेड दारात आला की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघते, मग भिंतीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि म्हणते, "आलास?" मधल्या चार-पाच आठवड्यांत ती रोज ते कात्रण वाचते. तिथली सेविका लिगाया हिने अर्जदाराला सांगितले, "आजी मला रोज वाचून दाखवतात. म्हणतात, हा माझा नवरा. चर स्वतः खणतो. त्याचं फावडं थांबत नाही. तुम्ही काय छान लिहिलंय हो!" सदतीस वर्षांत अर्जदाराच्या लिखाणाला एवढा नियमित वाचक लाभला नव्हता.

१५. वरील परिस्थितीत आपणांस नम्र विनंती आहे ती अशी. पृष्ठ १४३ वरील "चर स्वतः खणला" व "फावडे थांबत नाही" ही विधाने खोटी असून ती अर्जदाराने अपीलकर्त्यास न विचारता लिहिली, हे तिचे निवेदन नोंदवून घ्यावे. त्यानंतर श्री. हेस्लॉप यांच्या साक्षीची गरज उरत नसेल तर त्यांना बोलावू नये. बोलावलेच तर फळ्याविषयी विचारू नये. तो प्रश्न मंडळाचा आहे आणि अर्जदार मंडळालाही लिहिणार आहे. सुनावणी पुन्हा तीस आठवड्यांच्या रांगेत न टाकता कागदपत्रांवर, किंवा फोनवर, किंवा तळमजल्यावर घ्यावी. शिपायाच्या खुर्चीशेजारी दोन खुर्च्यांची जागा आहे, अर्जदाराने पाहून ठेवली आहे. फोनवर घेतल्यास "कसे आहात?" असे कृपया विचारू नये. "कालपासून आजपर्यंत काय काय करता आले नाही?" असे विचारावे. खोट्या बातमीबद्दल अर्जदारावर जी कारवाई योग्य वाटेल ती करावी. ती कुठेही जाणार नाही, तिच्याकडेही गाडी नाही.

१६. आणखी एक विनंती, जी नियमात बसत नसावी. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत अपीलकर्त्याला टपालाने जाते. या अर्जाची प्रत कृपया सोमवार दि. ९ मार्चपूर्वी टपालात टाकू नये. नेडला हे पाकिटातून कळू नये, तोंडी कळावे. गेल्या रविवारी, १ तारखेला, शुश्रूषागृहात जाताना टॅक्सीत त्याला सांगायचे अर्जदाराने ठरवले होते. जाताना सांगितले नाही, कारण तो दाढी करून, तेल लावून, नवा स्वेटर घालून बसला होता. येताना सांगितले नाही, कारण त्या दिवशी ऑड्रीला भिंतीकडे दोनदा पाहावे लागले होते, आणि टॅक्सीत नेड म्हणाला होता, "बरं झालं तू ते लिहिलंस, विनी."

१७. अपील दाखल होऊन आज सहाशे चार दिवस झाले. आज बुधवार दि. ४ मार्च, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. पुढील तारीख अद्याप मिळालेली नाही. कार्यालयातील मुलीने आज सकाळी सांगितले की प्रकरण पडद्यावर "तयार" दिसत आहे, तिच्या आईचेही. नेड खिडकीखालच्या अंगणात स्टुलावर बसला आहे. पाऊस होऊन गेल्याने माती मऊ झाली आहे आणि या वर्षीचा चर अजून खणायचा आहे. त्याने दोनदा हाक मारली आहे : "विनी, आटपलं का तुझं लिहिणं? काय लिहितेयस एवढं?" अर्जदाराने अद्याप उत्तर दिलेले नाही.

आपली,
चूक कबूल करणारी व उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
विनिफ्रेड रटर
ब्लॅकहोप, दि. ४ मार्च २०२६

सोबत :
१) अर्जदाराच्या हस्ताक्षरातील चराच्या नोंदींची वही, एप्रिल ते सप्टेंबर २०२३.
२) न कापलेले मूळ छायाचित्र. उजव्या कडेचा हात श्री. क. हेस्लॉप यांचा.
३) वृत्तात दुरुस्ती छापावी, असे सायंदैनिकाच्या संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत. शुश्रूषागृहात ते दैनिक येते. तो अंक खोली क्रमांक ९ मध्ये देऊ नये, असे लिगाया हिला सांगितले आहे.
४) मूळ कात्रण : जोडलेले नाही. ते भिंतीवरून काढण्याचा आदेश झाल्यास तो अर्जदाराच्या नावे काढावा. अर्जदार तो पाळणार नाही.